आरोप कानावर आल्यावर : नाव जाहीर करण्यापूर्वी संस्थेने काय करावे

इंदूरमधील मराठी मंडळे, हौशी नाट्यसंस्था आणि उन्हाळी शिबिरे यांचा कारभार बहुतांशी ओळखीवर चालतो. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर येथे राहणारी चार माणसे कार्यकारिणीत असतात, त्यांची मुले एकाच शिबिराला जातात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार येते तो माणूस बहुधा कोणाचा तरी मेहुणा, वर्गमित्र किंवा शेजारी निघतो. अशा संस्थेकडे लैंगिक अत्याचाराची तक्रार आली की पहिल्याच बैठकीत दोन सूचना हमखास पुढे येतात. ‘घरचीच माणसे आहेत, आपसांत मिटवू’ ही एक, आणि ‘त्याचे नाव ग्रुपवर टाका, म्हणजे सगळे सावध होतील’ ही दुसरी. दोन्ही सूचना तत्काळ बाजूला ठेवाव्यात. त्यांच्या जागी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय लिहावे, हे पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावे यासाठी हे टिपण आहे.

प्रथम निर्दोषत्वाच्या गृहीतकाविषयी, कारण बैठकीत त्याचा हवाला दोन्ही बाजूंनी आणि बहुतेक वेळा चुकीचा दिला जातो. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि तोपर्यंत न्यायालय आरोपीला निर्दोष मानते. हा नियम शिक्षा देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी आहे. निकाल लागेपर्यंत तक्रार करणारीला खोटारडी समजावे असे तो सांगत नाही, आणि संस्थेने तोवर स्वस्थ बसावे असेही सांगत नाही. प्रशिक्षकाला वर्गापासून दूर ठेवणे आणि सभागृहाची किल्ली परत मागणे ही खबरदारी आहे. चौकशीअंती ती मागे घेता येते. नाव चारचौघांत जाहीर करणे मात्र मागे घेता येत नाही. त्याला मुदत नाही, त्यावर अपील नाही, आणि पाच वर्षांनी न्यायालयाने निर्दोष ठरवले तरी लोकांच्या फोनमधील तो मजकूर तसाच राहतो. म्हणून ‘या माणसाला कामावरून दूर ठेवायचे का’ आणि ‘याचे नाव जाहीर करायचे का’ हे दोन ठराव कधीही एकत्र घेऊ नयेत. पहिला त्याच दिवशी घ्यावा, दुसरा संस्थेने स्वतः होऊन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम २९ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, असे सांगणारा एखादा जाणकार बैठकीत असतोच. ते खरे आहे; पण ते गृहीतक विशेष न्यायालयासाठी आहे, आणि तेथेही आरोपाची पायाभूत तथ्ये आधी सरकार पक्षाला मांडावी लागतात. कार्यकारिणी हे विशेष न्यायालय नाही.

तक्रार ऐकून घेण्यासाठी एकच व्यक्ती नेमावी, शक्यतो स्त्री, आणि ती आरोपीच्या नात्यातील किंवा जवळच्या ओळखीची नसावी. सांगणारीचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्यावे आणि तेथेच थांबावे. तीच हकिगत अध्यक्षांसमोर, मग सचिवांसमोर, मग ‘दोघांना समोरासमोर बसवून’ वदवून घेण्याची पद्धत क्रूर आहेच, शिवाय पुढे खटल्यात बचाव पक्षाला प्रत्येक कथनातील बारीकसारीक फरक दाखवण्याची आयती संधी मिळते. फोनवरील संदेश, छायाचित्रे, हजेरीपट यांतील काहीही कोणी पुसू नये, हे दोन्ही बाजूंना सांगावे.

यापुढचा रस्ता वयावर ठरतो. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. आई-वडील ‘नको’ म्हणाले तरी ते टळत नाही. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाविरुद्धची तक्रार दडपली तर एक वर्षापर्यंत. पीडिता सज्ञान असेल तर पोलिसांकडे जायचे की नाही हा निर्णय तिचा. संस्थेने तिला वाट दाखवावी आणि सोबत हवी असल्यास द्यावी. घटना कोणत्याही पोलीस थान्याच्या (ठाण्याच्या) हद्दीत घडलेली असली तरी जवळच्या थान्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येते, अशा गुन्ह्यांत माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, आणि बलात्काराच्या प्रकरणात जबाब पीडितेच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी घेण्याची तरतूद आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर विनामूल्य उपचार करावेत हेही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेले आहे. महिला हेल्पलाइन १८१ आणि बालकांसाठीची १०९८ हे क्रमांक कार्यालयात दिसतील असे लावून ठेवावेत.

आपसांत मिटवण्याविषयी आपल्या राज्यातील दोन प्रकरणे सांगण्यासारखी आहेत. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मदनलाल या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार किंवा बलात्काराच्या प्रयत्नाच्या प्रकरणात तडजोडीचा विचारही करता येणार नाही, असे बजावले. तरीही जुलै २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या याच इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना त्याने तक्रारदार महिलेच्या घरी मिठाई घेऊन जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अट १८ मार्च २०२१ रोजी रद्द केली आणि तडजोड, विवाह किंवा नातेसंबंध सुचवणारे आदेश देऊ नयेत, अशा सूचना देशभरातील न्यायालयांना दिल्या. न्यायालयालाही जे करता येत नाही ते मंडळाच्या अध्यक्षांनी चहा पाजून करू नये.

आता नावाकडे वळू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार व तत्सम गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड विधानाच्या कलम २२८-अ मध्ये होती. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले: नाव तर नाहीच, पण ज्यावरून दूरान्वयानेही ओळख पटेल असा कोणताही तपशील समाजमाध्यमांसह कोठेही प्रसिद्ध करता येणार नाही. बालकांच्या बाबतीत पोक्सोच्या कलम २३ मध्ये पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा आणि परिसर हे सर्व नावानिशी मोजून दिले आहे. आरोपीच्या नावाला असे सरसकट संरक्षण नाही. तथापि तोही अठरा वर्षांखालील असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम ७४ त्याची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि शिबिरांतील तक्रारी कधी कधी मोठ्या मुलांविरुद्धच असतात, हे विसरू नये.

इंदूरच्या मराठी वर्तुळात खरी अडचण येथे सुरू होते. आरोपीचे नाव घेतले की पीडितेचे नाव वेगळे घ्यावे लागत नाही. ग्रुपवर फिरेल अशा पुढील मजकुराकडे पाहावे:

‘सावधान! आपल्या शिबिरात हार्मोनियम शिकवणाऱ्या अमुक सरांनी सातवीतल्या मुलीवर अत्याचार केला आहे. वडील बँकेत आहेत, कुटुंब वैशाली नगरात राहते. सर्व पालकांपर्यंत पोहोचवा.’

लिहिणाऱ्याने मुलीचे नाव दिलेले नाही आणि त्यामुळे आपण कायदा पाळला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटेल. परंतु हार्मोनियमच्या वर्गात सातवीच्या मुली असून असून किती असणार? त्यांतील वैशाली नगरात राहणारी एकच असेल. पहिल्या वाक्यातच तिची ओळख पटली, दुसऱ्याने ती पक्की केली. ‘अत्याचार केला आहे’ हा निकाल आहे, आणि तो देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही. शेवटच्या वाक्याने मजकूर त्याच्या हातातून कायमचा निसटला. संस्थेचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

‘मंडळाच्या कामाशी संबंधित एका व्यक्तीविरुद्ध गंभीर तक्रार आली असून कायद्यानुसार आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित व्यक्तीकडे मंडळाचे कोणतेही काम राहणार नाही. कोणाचीही ओळख उघड होईल असा मजकूर कृपया लिहू अथवा पुढे पाठवू नये. कोणास काही सांगावयाचे असल्यास मंडळाने नेमलेल्या सदस्येशी थेट बोलावे. ते गोपनीय राहील.’

शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत, कारण नाव जाहीर करण्याच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच असतो की त्यामुळे इतर पीडित पुढे येतात. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवणे एवढेच हवे असेल तर ते नावाशिवायही ठेवता येते. सोमवारी वर्गाला कोण आले नाही यावरून लोक अंदाज बांधतील, हे उघड आहे, आणि ते टाळता येत नाही. पण अंदाज वेगळा आणि संस्थेच्या शिक्क्यानिशी निघालेले पत्रक वेगळे. ज्या पालकांची मुले त्याच माणसाकडे शिकत होती त्यांना मात्र अंधारात ठेवू नये. त्यांना एकेकट्याने भेटून, तोंडी, ‘यांच्याविरुद्ध तक्रार आहे, आपल्या मुलाशी शांतपणे बोलून पाहावे’ एवढे सांगावे. ऐकणाऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेला इशारा हा अब्रुनुकसानीच्या कायद्यातील मान्य अपवाद आहे. पाचशे जणांच्या ग्रुपवर तोच इशारा दिला तर या अपवादाचा आधार घेणे कठीण जाते. ग्रुपच्या ॲडमिननी अकारण घाबरू नये: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. स्वतः पुढे पाठवलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र ज्याची त्याचीच.

पीडित स्त्रीने स्वतःच नाव घेतले तर? येथे संस्थेची भूमिका बदलते, कारण बोलण्याचा हक्क तिचा आहे. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी, त्यांच्यावर लैंगिक छळाचा जाहीर आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्याविरुद्ध दाखल केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांना निर्दोष ठरवले. स्त्रीला आपली तक्रार तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर, अनेक दशकांनंतरही मांडता येते, आणि प्रतिष्ठेचा हक्क स्त्रीच्या सन्मानाचा बळी देऊन जपता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. पण हाच खटला ऑक्टोबर २०१८ पासून चालू होता. अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आजही आहे, आणि ‘हे सत्य आहे व लोकहितासाठी सांगितले’ हे सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर पडतो. ही जोखीम तिला आधी समजावून सांगावी, पण तिला घाबरवण्यासाठी या जोखमीचा वापर करू नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. संस्थेने तिच्यावर मजकूर काढण्यासाठी दबाव आणू नये, तसेच तो आपल्या नावाने पुन्हा प्रसिद्धही करू नये. कोणी सांगितले, काय घडले, केव्हा घडले यांपैकी काहीच नसलेल्या नुसत्या नावांच्या निनावी याद्यांपासून तर चार हात दूरच राहावे. त्यांत वाचणाऱ्याला पारखायला काही नसते आणि आरोप झालेल्याला उत्तर द्यायलाही काही नसते.

संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्थेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. या मार्गाने गेल्यास गोपनीयतेचा नियम अधिक कडक आहे, कारण कलम १६ तक्रारदाराबरोबरच आरोप झालेल्याची आणि साक्षीदारांची ओळखही झाकते. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्या कायद्यातच नमूद आहे.

वार्ताहराचा फोन आल्यास वरील पत्रकापलीकडे एक शब्दही बोलू नये आणि बोलणारी व्यक्ती एकच असावी. लैंगिक गुन्ह्यांच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्यातून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच वगळल्या आहेत. मंडळाच्या सचिवाने कोणाच्या तरी ओळखीने मिळवलेली प्रत पत्रकाराला दाखवणे हे त्या संरक्षणाला पाडलेले खिंडारच आहे. कोठेही लिहिताना ‘आरोप आहे’, ‘तक्रारीत म्हटले आहे’, ‘गुन्हा नोंद झाला’ हे शब्दप्रयोग आपापल्या टप्प्यावर वापरावेत, आणि ‘नराधम’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द निकालानंतरही टाळावा.

प्रकरणाचा शेवट कसा झाला हे नीट समजून घ्यावे. पोलिसांनी चालान (आरोपपत्र) सादर केले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे होत नाही. त्यांनी खात्मा किंवा खारिजी लावली, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तरी तो अंतिम शब्द नसतो, त्या अहवालावर न्यायदंडाधिकारी निर्णय देतात आणि तक्रारदाराला तेथे हरकत घेता येते. पुराव्याअभावी सुटका झाली तर तक्रार बनावट होती असा अर्थ काढू नये, आणि ‘सुटला, पण केलेच असेल’ असेही संस्थेच्या व्यासपीठावरून कोणी म्हणू नये. ज्या ज्या पालकांना तोंडी इशारा दिला होता त्या प्रत्येकाला निकालही तितक्याच आवर्जून सांगावा; त्यासाठी कोणाकोणाला सांगितले याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. त्या व्यक्तीला पुन्हा काम द्यायचे का, हा प्रश्न निकालानंतरही कार्यकारिणीचा स्वतंत्र निर्णय राहतो, आणि तो इतिवृत्तात कारणासह लिहावा. या प्रकरणाचे इतिवृत्त नेहमीच्या वहीत न लिहिता वेगळ्या पाकिटात, नावांऐवजी अक्षरे वापरून लिहावे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे एवढीच नोंद मुख्य वहीत करावी, कारण ती वही दर वर्षी नव्या सचिवाच्या घरी जाते.