पुराची रंगीत तालीम: सामान अगाशीवर तपासून पाहा

बडोद्याला पूर आला की आधी वीज जाते. मीटर बहुधा तळमजल्यावर असतात, तिथे पाणी शिरले की पुरवठा बंद ठेवावा लागतो. मग मोटर चालत नाही, वरची टाकी भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी नळही कोरडा पडतो. 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, त्यानंतर पुष्कळांनी बॅगा भरून ठेवल्या. पण अंधारात, ओल्या हातांनी ती बॅग एकदाही उघडलेली नसते. ती अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, उघडून तपासायला मृग लागण्याआधीचा एखादा शनिवार राखावा: संध्याकाळी 6 ते रविवारी सकाळी 8. काही निकामी निघालेच, तर दुकाने उघडी असतात.

6 वाजता मेन स्विच आणि टाकीचा कॉक बंद करा. फ्रिजमधले दूध, भाज्या आधी संपवा. घरात कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल किंवा फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर मेन स्विचला हात लावू नका, बाकीची तालीम करा.

पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 4 लिटर धरले, तर चौघांना दोन दिवसांचे 32 लिटर होते. 20 लिटरचा जार आजी-आजोबांना जिन्यावरून नेता येणार नाही, म्हणून 5 लिटरचे कॅन घ्या आणि एकदा खरेच अगाशीपर्यंत चढवून पाहा. पावसाचे पाणी चौपदरी सुती कापडातून गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान 1 मिनिट उकळा. क्लोरीनची गोळी वापरायची तर प्रमाण पाकिटावरचेच, आणि अर्धा तास थांबायचे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो, म्हणून आधी गाळणे चुकवू नका. रस्त्यावरच्या पुराच्या पाण्यात गटार आणि पेट्रोलही मिसळलेले असते. पेट्रोल उकळून जात नाही, तेव्हा ते पाणी प्यायचेच नाही.

पिशवीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि तीच कोणी करत नाही. कागदपत्रांच्या पिशवीत आधी नुसते वर्तमानपत्र घाला, तोंड बंद करून वर वीट ठेवा आणि बादलीत 10 मिनिटे बुडवा. कागद ओला झाला तर झिपच्या खाचेत बहुतेक वाळूचा कण अडकलेला असतो किंवा पिशवी घडीवर चिरलेली असते. आत हवा उरली तर दाबाने झिप उघडते, म्हणून हवा काढून मगच बंद करा. एकात एक अशा दोन पिशव्या वापरा.

ताडपत्री 12 बाय 15 फुटांची पुरते. मधोमध दोरी ताणून दोन्ही बाजूंना उतार द्या आणि वरून दोन बादल्या पाणी ओता. जिथे पाणी साचून पोट सुटते, तिथेच ती रात्री फाटेल. कोपऱ्याची कडी उखडली तर त्या जागी ताडपत्रीत लिंबाएवढा गोटा गुंडाळून त्याच्या मानेशी दोरी बांधा. ही पकड कडीपेक्षा भक्कम असते. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, तासाभराने पुन्हा ताणावी लागते. गाठी दिवसा जमल्या म्हणजे आल्या असे नाही, टॉर्च बंद करून बांधून पाहा.

स्टोव्ह उघड्यावरच पेटवा. बंद खोलीत विषारी वायू साठतो. वारा अडवायला पत्रा लावाल तो फक्त बर्नरपाशी. सिलिंडरभोवती पत्रा लावला तर तो तापतो. 1 लिटर पाणी किती मिनिटांत उकळले, लिहून ठेवा. जेवणाला भाजणीची थालीपिठे, गुळाची लापशी चांगली. चिवडा कमीच, खाल्ला की तहान वाढते.

10,000 एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात 6,000 ते 6,500 देते, म्हणजे मोठ्या बॅटरीचा एक फोन जेमतेम सव्वा वेळा. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा, आत राहिले तर गळून स्प्रिंग खातात. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: तीनदा वाजवली की मदत हवी.

पाण्यातून चालायची तालीम मात्र नदीकाठी किंवा नाल्यात करू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यांवर येतात. घोट्याच्या वर आलेले वाहते पाणीही माणसाला पाडते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 आणि 112 हे क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

रविवारी सारे वाळवूनच बॅग भरा, ओली ताडपत्री घडी घातली की बुरशी धरते. बॅग तळमजल्यावर नको. पॉवर बँकेवर चार्ज केल्याची तारीख चिकटवा आणि पावसाळाभर दर संकष्टीला ती पुन्हा भरा.