कॅम्परव्हॅन घेऊन तीन रात्री कोकणात: आधी भरती-ओहोटी बघा, मग बाकीचं

कपडे, औषधं, चार्जर, टोप्या, टॉर्च हे तुमचं तुम्हाला कळतं, त्यावर शब्द घालवत नाही. पुण्याहून कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन तीन रात्रींसाठी किनाऱ्याला जायचं असेल, तर कागदावर सगळ्यांत वर भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. मुक्कामाची जागाही त्यानंतर ठरवा. मागच्या खेपेला आमच्याकडे बाकी सगळं होतं, ही वेळ तेवढी कोणी बघितली नव्हती. फेरीबोटीने खाडी ओलांडायला बागमांडल्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पुरती ओहोटी लागली होती. धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडून शेवाळाने हिरवागार दिसत होता आणि फेरीबोटीची गाड्या चढवायची फळी त्याच्या पार तळाशी टेकलेली होती. पुढची चाकं फळीवर चढली, तोंड वर उचललं गेलं आणि गाडीचा मागचा लोंबता भाग उताराला घासला. सांडपाण्याच्या टाकीचा नळ तिथेच तुटला. उरलेली सगळी सहल भांडी बादलीत घासण्यात गेली.

साध्या मोटारीला यातलं काही होत नाही, ती कोणत्याही वेळी चढते. म्हणूनच मोटारीने दहादा कोकणात जाऊन आलेल्या मित्राला हे सुचत नाही. कॅम्परव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे जातो, आणि पाण्याच्या टाक्या बहुतेक वेळा जमिनीच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या असतात. ओहोटीला धक्का आणि फळी यांच्यात जो खड्डा तयार होतो, तो नेमका त्यांच्या मुळावर येतो. तेव्हा पूर्ण भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास, एवढ्याच वेळात फेरीबोट धरा. बोटीवरचे लोक ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात, ते रोज मोटारी आणि टेम्पो चढवत असतात. तुमच्या गाडीच्या पोटाखाली काय लटकतंय हे त्यांना माहीत नसतं. ते तुम्ही सांगायचं, आणि शंका आली तर पाणी चढेपर्यंत थांबायचं.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. नवमीला नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज तारीख निवडायला पुरतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्या भागाचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर काढून त्याचा फोटो ठेवा, कारण अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो आणि धक्क्यावर नेटवर्क असेलच असं नाही.

आता तारीख. लोक हौसेने पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरतात, किनाऱ्यावर चांदणं मिळावं म्हणून. मोठ्या गाडीला तो दिवस वाईट. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. भरती अकरा-बाराला येते आणि सकाळी-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, म्हणजे लोक जेव्हा खाडी ओलांडायला निघतात तेव्हाच, तळ उघडा पडलेला असतो. त्यापेक्षा शुक्रवारी नवमी येईल असा आठवडा शोधा. शुक्रवारी दुपारी एकला ओहोटी, तेव्हा हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. शनिवारी दशमी, साडेसातला भरती, आठच्या आसपास बागमांडला-वेश्वी फेरीने बाणकोटची खाडी पार. रविवारी एकादशी, सव्वाआठला भरती, नऊपर्यंत दाभोळहून धोपावे. सोमवारी हेदवी. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, एखादा दिवस मागेपुढे झाला तरी आराखडा टिकतो. दोन्ही फेऱ्यांची पहिली बोट किती वाजता आहे, बोट चालू आहे का आणि तुमच्या लांबीची गाडी घेतात का, हे फोन करून विचारा. उत्तर आलं की मग गाडीचं बुकिंग. उलट क्रमाने करू नका.

फेरी चुकली तर काय, हेही आधीच ठरवा. बाणकोटच्या खाडीला आंबेत-म्हाप्रळ पुलावरून जाता येतं, पण पूल त्या दिवसांत किती वजनाला खुला आहे ते विचारून घ्या. दाभोळला चुकली तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा लांबचा वळसा, अर्धा दिवस गेला समजा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू देऊ नका. मालक दहा मिनिटांत किल्ली हातात देऊन मोकळे होतात. तासभर मागा. छतावरच्या एसीसकट उंची किती आणि एकूण लांबी किती, ते टेपने मोजून चालवणाऱ्यासमोर चिकटवून ठेवा. कोकणातल्या वाड्यांमधून विजेच्या तारा आणि माडाच्या झावळ्या खाली आलेल्या असतात, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. मग गाडीखाली वाकून बघा. खरंच वाका. सगळ्यांत खाली लटकणारी वस्तू कोणती, नळ कुठे, पायरी आत जाते की बाहेरच राहते. मोबाइलवर फोटो काढा. फेरीच्या फळीवर चढताना एकाने खाली उतरून त्याच जागेकडे बघत राहायचं असतं, आणि त्याला ती जागा आधी माहीत हवी.

पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारा आणि माणसांनी भागा. दोन जणांनी अंघोळ केली की शंभर लिटर संपतात, त्यामुळे अंघोळी ज्या घराच्या अंगणात गाडी लावाल तिथे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, टाकीत भरण्याआधी चाखून बघा. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. पाणी भरायला पंधरा मीटरचा पाइप आणि दोन मापांचे नळाचे जोड घ्या. पाइप असतो, जोड नसतो आणि मग माणूस बोटाने दाबून धरून उभा राहतो.

संडासाची पेटी रोज रिकामी करावी लागते. कुठे करणार, हे निघण्याआधी ठरलेलं पाहिजे. ज्यांच्याकडे मुक्काम, त्यांना फोनवरच स्पष्ट विचारा की तुमच्या शौचालयात ओतली तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात. वेगळे पैसे द्या आणि जागा स्वतः धुऊन द्या. पेटीत घालायचं औषध गाडीसोबत येतं का ते बघा. मी हे काकुळतीने सांगतोय, खाडीत किंवा माडांच्या मुळाशी ओतू नका. त्याच खाडीत लोक कालवं आणि तिसऱ्या (खायचे शिंपले) काढतात, त्याच वाडीतल्या विहिरीचं पाणी पितात. पाहुणा म्हणून जाऊन असं करणं मला सहन होत नाही. साबणाचं सांडपाणीही तसंच, विचारून, सांगतील तिथे.

वीज. पंधरा अँपिअरचं सॉकेट अंगणापर्यंत येतं का, अर्थिंग आहे का. वीस मीटरची जाड वायर, पूर्ण उलगडून वापरायची, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते. संध्याकाळी काही गावांत व्होल्टेज इतकं पडतं की एसी चालत नाही, तेव्हा खिडक्यांना जाळ्या आहेत ना ते आधी बघा. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गाडी चालू असताना आणि फेरीवर गॅस बंद, म्हणजे सिलिंडरवरचं बटण बंद, शेगडीचं नव्हे.

मुक्कामासाठी मोकळा किनारा शोधू नका. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ साली आलं, तरी मला आजही सगळ्यांत भरवशाची जागा वाटते ती एखाद्या घरगुती मुक्कामाचं अंगण. पाणी, वीज, शौचालय आणि रात्री हाक मारायला माणूस, चारही गोष्टी एका ठिकाणी. ‘काकू, गाडी मोठी आहे, फाटकातून येईल का?’ असं विचारून उपयोग नाही, त्या हो म्हणतील. फाटकाची रुंदी मोजून सांगायला लावा आणि समोरच्या वळणाचा फोटो मागवा. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही. गाडीतल्या ओट्यावर चहा, पोहे, फार तर खिचडी. हर्णैला मासे घेतलेत तर घरच्या काकूंकडे शिजवायला द्या, गाडीत तळू नका, उशा-गाद्यांना बसलेला वास जात नाही.

रेतीवर गाडी घालू नका. ओहोटीला वाळू सपाट आणि टणक दिसते, मोटारी फिरताना दिसतात, मोह होतो. जड गाडीचं मागचं चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी येतं. पुन्हा तेच सांगतोय, पाणी ठरलेल्या वेळी येतं, तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं गेलं तर कळणारही नाही. रात्री गाडीचे दिवे समुद्राकडे रोखून बसू नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर ओहोटीशिवाय करायचीच नाही. डोंगराच्या खबदाडीतून पायऱ्या उतरून समुद्राला लागून असलेल्या खडकांवर जाता येतं, आणि भरतीच्या लाटा त्याच खडकांवरून जातात. लोक वाहून गेलेत तिथे. पाणी उतरत असताना जा, चढायला लागायच्या आधी बाहेर या, ओल्या खडकावर फोटोसाठी थांबू नका. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्रालगतच्या खडकातली अरुंद घळ, तिचं उलट. तिथला उसळणारा फवारा बघायला भरतीच हवी, पण लांबून. घळीच्या काठावर जाऊन खाली डोकावणाऱ्यांना कोणीतरी हात धरून मागे ओढायला हवं. लहान मुलं असतील तर या दोन ठिकाणी एक मोठा माणूस फक्त मुलांकडे.

रस्ता. ताम्हिणीने जा, पहाटे पाचला पुणं सोडा. हरिहरेश्वर सुमारे १७० किलोमीटर, मोठ्या गाडीला सहा तास धरा. माणगावला उशिरा पोहोचलात तर मुंबई-गोवा महामार्गाच्या गर्दीत अडकाल आणि दुपारची ओहोटी हातची जाईल. वरंधा घाट या गाडीने नको. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून नाही. मागे कोणी उभं राहून चहा करायचा नाही, सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं. कपाटांच्या आणि फ्रिजच्या कड्या निघण्यापूर्वी एकाच माणसाने तपासायच्या, सगळ्यांनी तपासायचं ठरवलं की कोणीच तपासत नाही. डिझेल माणगावला भरून घ्या. रोख पैसे, सुटे, फेरीसाठी आणि घरगुती मुक्कामासाठी. नकाशे आधीच उतरवून घ्या. वेश्वीहून केळशी-आडे-आंजर्ले हा किनाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे, पण अरुंद. समोरून एसटी आली की मागे घ्यायची वेळ येते. मोठी गाडी असेल तर मंडणगडवरून दापोली आणि तिथून खाली मुरूड-कर्दे. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जायचं तर रिक्षा करा.

दाभोळच्या धक्क्यावर जाण्याआधी, शनिवारी रात्री, तक्ता पुन्हा बघा. पहिली खाडी सुखरूप पार झाली की दुसऱ्या दिवशी माणूस सैल होतो. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, सकाळी उशिरा उठलो, दापोलीत नाश्ता केला, असं करता करता भरती निघून जाते. गजर भरतीच्या वेळेवरून मागे मोजून लावा. धक्क्यावर पाणी उतरलेलं दिसलं तर गाडी रांगेतून बाहेर काढा, चहा घ्या, थांबा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

गुहागरला व्याडेश्वर, समुद्र, आराम. हेदवी सकाळी. परतीला चिपळूणवरून कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, मग पुणे. फेरी नाही, रस्ता बरा. दिवसाउजेडी घाट चढा.

पोहोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खारं पाणी लोखंड खातं. टाक्या आणि संडासाची पेटी रिकामी करून द्या. खालच्या नळाचा आणि मागच्या भागाचा फोटो काढून मालकाला जागेवरच दाखवा, अनामत रक्कम त्याच वेळी परत मागा.