ग्रीसचा दिनविशेष लिहायचाय? आधी कॅलेंडर बघा

सोसायटीच्या फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी आली की बहुतेक जण गुगल करतात आणि पहिलं दिसेल ते उतरवून मोकळे होतात. ग्रीसच्या बाबतीत हे चालत नाही, कारण तिकडे १९२३ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, त्या वर्षी १५ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च उजाडला, त्यामुळे त्याआधीच्या प्रत्येक घटनेला दोन-दोन तारखा. आपल्याकडे शिवजयंती तारखेची का तिथीची यावरून जे चालतं तसलाच प्रकार, फक्त हिशोब सोपा आहे. घटना एकोणिसाव्या शतकातली असेल तर जुन्या तारखेत १२ दिवस मिळवा, मार्च १९०० पासून पुढची असेल तर १३. बास.

आता ६ एप्रिल घ्या. १८९६ ला या दिवशी अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये राजे पहिले जॉर्ज यांनी पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचं उद्घाटन केलं, पण तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तेव्हा २५ मार्च होता, म्हणजे ग्रीकांचा स्वातंत्र्यदिन, आणि १८२१ च्या ऑटोमन सत्तेविरुद्धच्या उठावाला बरोब्बर ७५ वर्षं! हे फळ्यावर आलंच पाहिजे. कंसात जुनी तारीख नक्की टाका, नाहीतर पुणं आहे हे, दूध आणायला निघालेले एखादे काका खाली लाल खडूने दुरुस्ती करून जातील.

मात्र स्वातंत्र्यदिनाला १२ दिवस मिळवायला जाऊ नका, ग्रीक लोक तो आजही २५ मार्चलाच साजरा करतात. आणि 'या दिवशी उठाव सुरू झाला' असंही लिहू नका, कालामाता शहर २३ मार्चलाच उठाववाल्यांच्या ताब्यात आलं होतं.

खेळाची ओळ हवी असेल तर जेम्स कॉनली घ्या. अमेरिकेचा हा गडी उद्घाटनाच्याच दिवशी तिहेरी उडीत जिंकला आणि आधुनिक ऑलिंपिकचा पहिला विजेता ठरला. तेव्हा पहिल्या नंबराला सोन्याचं नाही, चांदीचं पदक आणि ऑलिव्हची फांदी मिळायची, पोरं हे वाचायला हमखास थांबतात.

१९४१ ला याच तारखेला जर्मनीने ग्रीसवर हल्ला केला, २७ एप्रिलला अथेन्स पडलं. ही नव्या कॅलेंडरची तारीख, हिला हात लावायचा नाही. आणि खेळाच्या नादात ही ओळ खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात कोंबू नका प्लीज.

राहिला स्पिरिडॉन लुईस. पुण्यात मॅरेथॉनची हौस दांडगी, त्यामुळे १८९६ म्हटलं की सगळ्यांना तोच आठवतो आणि त्याला ६ एप्रिलातच घुसवतात, पण मारूसीचा हा पाणीवाला मॅरेथॉन जिंकला १० एप्रिलला, जुनी तारीख २९ मार्च, त्याच्यासाठी तो दिवस मोकळा ठेवा.