आईला आयसीयूत नेलं : पहिल्या दोन दिवसांत काय करावं

आईच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ७८ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. तिने चहाला चव नाही म्हणून कुरकुर केली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या रात्री दोन वाजता भावाचा फोन आला : आई सलाईन ओढून काढतेय, सिस्टरला वारलेल्या मावशीच्या नावाने हाका मारतेय, ऑक्सिजन उतरलाय, आयसीयूत हलवतायत. पुढच्या दोन दिवसांत आम्ही बऱ्याच चुका केल्या. त्यातून जे सुचलं ते इथे लिहितेय.

बोलायला एकच माणूस ठेवा

आम्ही तिघं भावंडं आणि एक मामा, जो भेटेल त्या डॉक्टरला विचारत होतो. रात्रीच्या रेसिडेंटने, म्हणजे ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरने, छातीत इन्फेक्शनची शंका बोलून दाखवली, सकाळी मोठ्या डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम कमी झालंय म्हणून सांगितलं. दोन्ही खरं होतं. पण घरच्या ग्रुपवर पोचेपर्यंत त्याचं ‘डॉक्टरांनाच काही कळत नाहीये’ असं झालं. तेव्हा राउंडच्या वेळी हजर राहणारा एकच जण नेमा. तो वयाने मोठा हवा असं नाही. कळलं नाही तर पुन्हा विचारायला न लाजणारा हवा. परदेशातल्या भावाला संध्याकाळची एक वेळ ठरवून द्या, नाहीतर मध्यरात्री नेटवरचे लेख येत राहतात.

वही घाला

साधी दोनशे पानी. मोबाईल नको, कारण पाळी बदलली की तो माणसाबरोबर घरी जातो. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहा. प्रश्न तीनच पुरतात : नेमकं काय बिघडलंय? कशामुळे वाटतंय? आज जे करताय ते लागू पडतंय हे कशावरून आणि कधीपर्यंत कळेल? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण मग पुढचे बारा तास कशाकडे लक्ष ठेवायचं ते समजतं. ‘स्टेबल आहेत’ एवढ्यावर थांबू नका. स्टेबल म्हणजे बरे नव्हे. व्हेंटिलेटरवरचा पेशंटही स्टेबल असतो.

तुम्हालाच ठाऊक आहे ते सांगा

डॉक्टरांनी आईला पाहिलं ते खाटेवरच. ‘आधीपासून विसरतात का?’ असं त्यांनी विचारलं, तर भाऊ म्हणाला, ‘वय झालंय ना आता.’ ते उत्तर साफ चुकीचं होतं. पडायच्या आठवड्यापर्यंत ती बारा बायकांच्या भिशीचा हिशोब तोंडी ठेवत होती. हे कळल्यावर डॉक्टरांचा सूरच बदलला. म्हातारपणाचं विसरणं हळूहळू वाढतं. काही तासांत किंवा दिवसांत उसळणारा, दिवसा ओसरून रात्री वाढणारा भ्रम म्हणजे डेलिरियम, आणि त्यामागे बहुतेकदा काहीतरी शोधण्यासारखं कारण असतं : इन्फेक्शन, कमी सोडियम, दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, एखादं नवं औषध किंवा अचानक थांबलेलं जुनं.

म्हणून घरचा गोळ्यांचा डबा उचलून तसाच आणा. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी सोडियम उतरवू शकते. मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं आणलेली झोपेची गोळी फाईलमध्ये नसते, आणि ती एकदम बंद झाली तरी त्रास होतो. वैद्याचं चूर्णही दाखवा. आईची मिश्री आम्ही लाजेपोटी दोन दिवस सांगितलीच नाही, आणि तंबाखू एकदम तुटला की माणूस बेचैन होतो. वडिलांची रोजची ‘थोडीशी’ तर मुळीच लपवू नका. दारू एकदम सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी असाच भ्रम होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

खाटेपाशी

चष्मा, कानाचं मशीन, कवळी हे सगळं पिशवीत घालून घरी नेलेलं असतं. ते परत आणा. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, पाय कसा मोडला, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. मेलेली बहीण दिसली तर वाद घालू नका. हात बांधायची वेळ आली तर आधी विचारा, ‘आमच्यातलं कुणी बसलं तर चालेल का?’ आमच्या सिस्टरने लगेच हो म्हटलं. एकच जण बसा. भेटीच्या वेळेला सहाजणांनी खाटेभोवती उभं राहून रडण्याने कुणालाच बरं वाटत नाही.

पैसे आणि कागद

विमा असेल तर त्याच सकाळी टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरला गाठा. आयसीयूत गेल्याने खर्च वाढतो आणि हॉस्पिटलला वाढीव मंजुरी मागावी लागते. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या मागणीवर विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. हे काउंटरवर सांगितलं की कामं हलतात. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान कार्ड आणि त्याखालचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण इथे मिळतं का, ते विचारा. महाराष्ट्रातलं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. चौकशी तिथल्या समाजसेवकांकडे करा. रिपोर्टचे फोटो रोज काढत चला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तेच लागतात. केसपेपर लेखी मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात.

रात्र

पाळ्या लावा. जो रात्री बसला त्याने दिवसा झोपायचं, यावर घासाघीस नको. आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर तिघांनी जागून काढलेली रात्र म्हणजे सकाळच्या राउंडला तीन चिडलेली माणसं.

वॉर्डात परत आणल्यावर

बिघाडानंतर औषधं बदललेली असतात. कुठली नवी, कुठली कायमची बंद, हे नावानिशी लिहून घ्या आणि घरच्या डब्यातून बंद झालेली काढून टाका. आम्ही ते विसरलो. घरी आल्यावर आईनेच डबा उघडला आणि विचारलं, ‘ही लघवीची गोळी बंद झालीय ना? मग इथे काय करतेय?’