बॅक्लोफेन पंप बसवलाय? मग या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सीनं हातपाय ताठरलेल्या किंवा डिस्टोनियात अंग पिळवटणाऱ्या लेकरांना पोटाच्या कातडीखाली पंप बसवतात, त्यातून बारीक नळीनं बॅक्लोफेन, म्हणजे ताठरलेले स्नायू सैल करणारं औषध, थेट मणक्यातल्या पाण्यात जातं, गोळी मिलिग्रॅममधे लागते तर हे मायक्रोग्रॅममधे (मिलिग्रॅमचा हजारावा भाग), म्हणून गुंगी कमी. ऑपरेशन बहुतेकदा नीट होतं हो, घोळ होतो तो घरी आल्यावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिफिलची, म्हणजे पंपात औषध परत भरायची, तारीख पुढं ढकलणं. सोयाबीनची काढणी चालूय, लेकरू तर मस्त आहे, दिवाळी झाली की जाऊ पुण्याला... अहो मस्त आहे ते त्या औषधामुळंच! ते संपलं की काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत अंगाला खाज सुटते, मग ताप, अन् पाय आधीपेक्षा जास्त कडक. गावात पित्त समजून ॲव्हिल अन् तापाची गोळी देतात, अन् वेळ जातो तो इथंच, पुढं फिट्स येतात, किडनीवर येतं, जीवावर बेततं. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या पंपाचं कार्ड दाखवा आणि सरळ म्हणा, बॅक्लोफेन बंद पडलंय का बघा, अन् तिथूनच पंपवाल्या डॉक्टरला फोन लावायला लावा.

अलार्म वाजला नाही म्हणून गाफील राहू नका बरं का. औषध किंवा बॅटरी संपत आली की पंप वाजतो, पण नळी मुडपली किंवा निसटली तर पंपाला ते कळतच नाही.

औषध कमी पडण्याच्या उलटं पण होतं. रिफिल करून परत येताना लेकरू गाडीत गाढ झोपलं, आपण म्हणतो दमलं असेल. हलवून उठवा. उठत नसेल, अंग लुळं पडलं असेल, श्वास मंद वाटत असेल तर डोस जास्त झाला असू शकतो, घर गाठायचं सोडा अन् वाटेतलं मोठं हॉस्पिटल गाठा.

थोडं आखडलं की लगेच डोस वाढवा म्हणून मागं लागू नका, आधी पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, बसून बसून कुठं जखम झालीय का ते बघा, बरेचदा कारण तिथंच सापडतं. एमआरआय करताना पंप तेवढ्यापुरता थांबतो, नंतर चालू झाला का ते चेक करून घ्यायचं.

अन् लोडशेडिंगचं टेन्शन नको, पंपाला चार्जिंग लागत नाही. पण साधारण 5 ते 7 वर्षांत बॅटरी संपते अन् तेव्हा अख्खा पंपच ऑपरेशन करून बदलावा लागतो, त्या खर्चाची सोय आतापासून बघून ठेवा.