मुळावरच्या गाठी कशा बघायच्या: उन्हाळी, बावची, लाजाळू आणि फसवा टाकळा

पाऊस लागून दीड-दोन महिने झाले की सातारच्या माळाबांधावर उन्हाळी चांगली माजलेली असते, तीच ती शरपुंखा, वैद्य लोक लिव्हरसाठी देतात ती. औषध राहू दे बाजूला, आज तिच्या मुळावरच्या गाठी बघायच्यात (शेंगावाल्या बऱ्याच झाडांना त्या येतात, आत रायझोबियमसारखे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला देतात) आणि एकाच झाडाच्या बघून उपयोग नाही, सोबत बावची, लाजाळू पण घ्या, खरी गंमत तुलनेत आहे.

कासला किंवा सागरेश्वरला खुरपं घेऊन जाऊ नका, तिथं खणायचं नसतं. घरचा बांध बास.

फुलायच्या बेताला आलेलं रोप निवडा पण उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि मग लोक म्हणतात आमच्याकडं गाठीच नाहीत! बुंध्यापासून वीतभर लांबून गोल खणायचं, ढेकळासकट उचलायचं आणि बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायचं, माती आपोआप सुटते. खरी गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं पटकन निघते. मूळच फुगलेलं असेल तर ते सूत्रकृमीचं काम, वांगी-टोमॅटोवाल्यांना सांगायला नको.

मग ब्लेडनं गाठ मधोमध कापा. आतून गुलाबी-लाल म्हणजे लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लाल रंगाचं प्रथिन) आहे, नत्राचं काम चालू आहे, पांढरी असेल तर कोवळी नाहीतर नुसतीच ऐतखाऊ, हिरवट झाली की म्हातारी. आकार, रंग, गाठ कुठल्या मुळावर होती सगळं लगेच वहीत लिहा, रात्री आठवत नाही.

टाकळ्याच्या नादी लागू नका. शेंगा येतात म्हणून मी पाच रोपं खणली, एक गाठ नाही, त्याला गाठी येतच नाहीत, बहाव्याचं पण तसंच.

गाठीत कुठला जिवाणू आहे हे बघायचं पुढचं काम ओळखीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबचं. गाठी मुळाचा जरासा तुकडा ठेवून कापा, बाटलीत सिलिका जेल, वर कापूस, त्यावर गाठी (बुटाच्या खोक्यातल्या पुड्या नकोत, त्या आधीच दमट असतात). लॅबमध्ये गाठ अर्धा मिनिट अल्कोहोलमध्ये, मग हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) बुडवून पाच-सहा वेळा निर्जंतुक पाण्यानं धुतात, चेचतात आणि यीस्ट-मॅनिटॉल अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर) 28 अंशाला ठेवतात. जलद वाढणारे जिवाणू 3 ते 5 दिवसांत दिसतात आणि अगारमधलं ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल-अल्कली दाखवणारा रंग) पिवळं करतात, ब्रॅडीरायझोबियमसारखे निवांत गडी आठवडाभर घेतात आणि निळं करतात. लाजाळूत तर बऱ्याचदा कुप्रियाविडस सापडतो, जो रायझोबियमच्या भावकीतलाच नाही!

शेवटच्या धुण्याचं पाणी पण एका प्लेटवर टाकायला सांगा, त्यात काही उगवलं तर गाठ नीट धुतलीच नव्हती, परत पहिल्यापासून.