गिरणीमालक आणि सरकार : सोलापूरवरचा २६ मिनिटांचा भाग कसा बांधावा

उद्योगपतींवरच्या मालिकेत एखादा भाग फसतो तो बहुधा चरित्रापायी: जन्म, पहिला कारखाना, शेवटी पुतळा. सोलापूर म्हटलं की वालचंद हिराचंद आठवणारच, १८८२ साली ते इथेच जन्मले. पण त्यांची जहाजं आणि विमानं कॅमेऱ्याला मुंबई-बंगळूरकडे ओढून नेतात. त्यांना दोन मिनिटं पुरेत. भागाचा कणा ‘जुनी मिल’ या कापड गिरणीचा असू द्या.

तिथे मालक, कामगार, सरकार आणि कोर्ट एकाच प्रकरणात समोरासमोर येतात. ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. त्याविरुद्धचा एका भागधारकाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळला. डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात मात्र, मोबदला न देता मालमत्ता घेतली म्हणून तोच कायदा टिकला नाही. मालमत्तेच्या मोबदल्याबाबतची १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती अशा निकालांनंतरची. दोन्ही निकाल मुळातून वाचा. घटनाक्रम त्यांतच सापडतो.

सुरुवात बंद फाटकापासून करा, मग मागे, ब्रिटिशांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉकडे (लष्करी अंमलाकडे) जा. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांची नावं चार हुतात्मा चौकातल्या दृश्यावर घ्या. मालकांची तेव्हाची भूमिका कागद हाती असेल तरच सांगा. इथे अंदाजाने लिहिलेलं निवेदन हमखास अंगाशी येतं.

चालू यंत्रमागाजवळ मुलाखत घेऊ नका. कॉलर माइक लावला तरी शब्द बुडतात. मागांचा आवाज दोन मिनिटं वेगळा ध्वनिमुद्रित करा आणि संकलनात हळू आवाजात खाली घाला. कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. एप्रिल-मेमध्ये बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत उरका, पुढे कॅमेरा तापून बंद पडतो. जुने कामगार तेलुगू किंवा कन्नडमध्ये जास्त मोकळे होतात. त्यांना मराठीत ओढू नका, उपशीर्षकं द्या. संमतीपत्रही त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा.

घरातले फोटो फ्रेममधून काढून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काचेवरून टिपले तर चकाकी येते.

मृत माणसाचीही बदनामी गुन्हा ठरू शकते. म्हणून प्रत्येक आरोपाच्या ओळीसमोर समासात कागदाचं नाव आणि पान लिहा. पान सापडलं नाही तर ती ओळ निवेदकाकडे जाण्याआधीच काटा.